भाई पेडणेकरांचा कुकारो

होकायंत्राची लाल सुई दक्षिण दाखवते, असं मी अख्खी सकाळ समजत होतो. त्यामागे विचार होता. लाल म्हणजे धोका, धोका म्हणजे यम आणि यमाची दिशा दक्षिण. घरी हे गणित समजावून सांगितलं तेव्हा कोणी हसलंसुद्धा नाही, ते मला जास्त लागलं. पण या गणितापायी कर्जतच्या पलीकडच्या डोंगरात, गुडघाभर चिखलात, ज्या माणसाला मी भलत्याच दरीत नेऊन उभं केलं, त्या भाई पेडणेकरांबद्दल मला सांगायचंय.

भाई आमच्या रनिंग क्लबातले सगळ्यात वयस्क. राहायला लालबागला. अख्खी नोकरी रे रोडच्या लाकडाच्या वखारीत झाली. रविवारी पहाटे आम्ही माटुंग्याला फाइव्ह गार्डनशी जमतो, तेव्हा बाकीच्यांच्या अंगावर घाम शोषणारे आणि त्याआधी पगार शोषून झालेले कपडे असतात. भाईंच्या अंगात दुमडलेली पँट, पायांत कॅनव्हासचे बूट आणि वर गणपती मंडळाचा टी-शर्ट. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'कार्यकर्ता'. ही अक्षरं मला पाठ आहेत, कारण भाई कायम माझ्या पुढे असतात.

तर हे भाई धावता धावता प्रत्येक वळणावर थांबतात, दोन्ही हात तोंडाशी नेतात आणि हाळी देतात. "कूऽऽऽऽ!" मग मान तिरकी करून क्षणभर ऐकत राहतात आणि पुन्हा धावू लागतात.

पहिल्यांदा मला वाटलं, त्यांच्या पोटरीत गोळा आला. तोवर समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन शिट्टी फुंकत बाहेर आला होता, चार कुत्री भुंकायला लागली होती आणि पहिल्या मजल्यावरच्या एका पारशी आजीबाईंनी खिडकी उघडली होती.

"ए, तुझा कोण माणूस हरवला काय?"

"होय बाय," भाई वर बघून म्हणाले. "बघतंय."

"आणि सापडला की गप बसशील?"

"एकदम गप."

मी विचारलं तेव्हा त्यांनी घड्याळातली वेळ सांगावी तसं सांगितलं. "कुकारो म्हणतत ह्याका. गावाक गुरां घेऊन डोंगरार गेला की घालूचो. ह्या टेंबावरून एक घातलो, की त्या टेंबावरच्यान दोन परत घालूचे. मग आपण एक लांब घालूचो. म्हणजे थंयच रव, मी येतंय."

"पण भाई, माटुंग्यात कोण परत घालणार?"

"बघूया. घाई कोणाक?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्पर्धेच्या रांगेत मागून धक्के बसत असतानाही ते हेच म्हणतात.

पावसाळ्यात आमची कॅप्टन मृण्मयी हिने त्या डोंगरातल्या शर्यतीचं जाहीर केलं. हातात नकाशा आणि होकायंत्र. रानात जागोजागी लावलेली निशाणं शोधायची, प्रत्येक निशाणापाशी कार्डाला भोक पाडायचं आणि दुपारच्या आत परतायचं. वाट नाही, फोन बंद, धावायचं जोडीनं. पोरांनी बुटांबद्दल विचारलं, जेवणाबद्दल विचारलं. भाईंनी दोनच प्रश्न केले.

"डोंगर खरेखुरे आसत?"

"खरेच आहेत हो भाई."

"आजूबाजूक माणसां?"

"वाड्या आहेत ना खाली."

"मग माझा नाव घाला. थंय कोण तरी परत घालीत."

मृण्मयीने मला बाजूला घेतलं. "भाईंच्या जोडीला तुम्ही. जरा लक्ष ठेवा त्यांच्यावर." माझी कॉलर ताठ झाली. शाळेत मी स्काउटमध्ये होतो, हे मी तिच्या कानावर घातलंच होतं. भाईंनाही तिने बाजूला घेऊन माझ्याबद्दल हेच सांगितलं होतं, ते मला मागाहून कळलं.

शर्यतीत मी लाल सुईकडे पाठ करून आत्मविश्वासाने निघालो. म्हणजे सगळे चढत होते तेव्हा आम्ही उतरत होतो. भाई निमूट मागोमाग. चिखलात माझा एक बूट राहिला, तो त्यांनी उपटून काढला. मी बसून घसरलो, ते उभ्याने घसरले. आणि प्रत्येक टेकाडावर थांबून त्यांनी कुकारो घातला.

एक धावणारी जोडी समोरून आली. त्यातली मुलगी कानातला इअरफोन काढून म्हणाली, "अंकल, आर यू ओके?" भाई म्हणाले, "ओके, ओके." ती गेल्यावर मला म्हणाले, "सगळ्यांच्या कानात बोळे. कोण ऐकतलो?"

पुढे दरीपलीकडे एक गुराखी दिसला. भाईंचे डोळे लकाकले. त्यांनी छाती भरून घातला. गुराख्याने मोबाइलवरचं गाणं बंद न करता हात हलवला. भाईंनीही हलवला.

"बघा, उत्तर दिलं ना त्याने," मी म्हणालो.

"हात काय, मुंबयत पण हलवतत."

एका खिंडीत मात्र "कूऽऽ" स्पष्ट परत आलं. मी आनंदाने ओरडलो. भाईंनी मान हलवली. "तो माझोच. आपलोच आवाज परत येता तो काय कामाचो?"

दुपार झाली तरी आमच्या कार्डाला एकही भोक नव्हतं. एका खडकावर बसून त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, होकायंत्र हातात घेऊन पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ते पिशवीत टाकलं. माझं शास्त्र तिथे संपलं.

"भाई, गावी जाऊन का नाही घालत कुकारो?" मी विषय बदलायला विचारलं.

"गेललंय ना, गेल्या गणपतीक." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "दादा आसा माझो, मोठो. लहानपणी दोघांय गुरां राखू. मी ह्या टेंबावर, तो त्या. त्याचे दोन आयले की माका भीती वाटा नाय. मग मी मुंबयक आयलंय, तो थंयच रवलो. आता त्याका ऐकाक येणा नाय. फोन केलो तर नुसतो 'हॅलो, हॅलो' करता नि ठेवता. म्हटलं, टेंबावरून घालूया, कदाचित पोचात. घातलो. तो समोर खळ्यात बसललो. माका बघल्यान, हसलो." मोडलेला तुकडा त्यांनी परत भाकरीवर ठेवला. "पण परत नाय घातल्यान."

मग ते उठले, खडकावर चढले आणि आणखी एकदा घातला. या वेळी आवाज जरा फाटला. मान तिरकी करून ते ऐकत राहिले. दरीत ढग भरत होते आणि कुठूनही काही येत नव्हतं.

"मी जरा आडोशाला जाऊन येतो," मी म्हणालो.

करवंदीच्या जाळ्या चुकवत, दोनदा आपटत मी पलीकडच्या सोंडेवर पोचलो. भाई दिसेनासे झाले होते. आजूबाजूला कोणी नाही याची मी खात्री केली. आयुष्यात मोठ्याने गायलो तो शेवटचा शाळेत राष्ट्रगीताला. हात तोंडाशी नेले. पहिला कुकारो निघाला तो उचकीसारखा. दुसरा बरा गेला.

काहीच नाही. पाऊस पानांवर वाजत होता तेवढाच.

आणि मग धुक्यातून तो आला. लांब, अगदी लांब, श्वास संपेपर्यंत ओढलेला. थंयच रव, मी येतंय.

मी तिथेच उभा राहिलो. सोपी वाट सोडून, चिखलातून सरळ रेषेत, हातापायांवर चढत भाई आले. समोर येऊन धापा टाकत उभे राहिले. तोंडावर पाऊस होता, त्यामुळे बाकी काय होतं ते मी ठरवू शकत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग म्हणाले, "सायबानू, आमच्याकडे असो आवाज आयलो तर माणसां गुरां आत बांधतत."