शांततेची अकरा पानं

मार्लिस टॉलेफसनने यंदाच्या नाताळसाठी शांततेचं वेळापत्रक बनवलं, तेव्हा ते एका पानाचं होतं. दोन दिवसांत त्याची अकरा पानं झाली, रंगीत खुणा पडल्या आणि 'मौन' या विषयाला प्रश्नपत्रिकासुद्धा लागली. मार्लिसचाही इलाज नव्हता. तिन्ही मुलांची शाळा घरातच, आणि मास्तरीण तीच. घरात कुठलीही गोष्ट आली, की तिचा धडा व्हायचाच.

"आई, मौनाची परीक्षा तोंडी की लेखी?" दहा वर्षांच्या एझ्राने विचारलं.

"गप्प बस!"

"म्हणजे तोंडी," एझ्राने लिहून घेतलं.

चौदा वर्षांच्या टॅबिथाला मात्र हसू आलं नाही. गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी आई तिला गॅरेजमध्ये, बंद गाडीत बसलेली सापडली होती. मांडीवर वाटायची बिस्किटं, बारा डझन. डोळ्यांना धारा. आवाज तर पार बसलेला. "येशूच्या वाढदिवसाला मी आपली ओव्हनपुढेच गं," ती कशीबशी कुजबुजली होती. टॅबिथाने तेव्हाच ठरवून टाकलं, की पुढच्या वर्षी नाताळआधीच्या, आगमनकाळाच्या चारही रविवारी आईला बूड टेकवून बसवायचंच. सहा वाजता मेणबत्ती लावायची, बाबांनी बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान वाचायचं आणि आईने नुसतं ऐकायचं. बाकी काही नाही झालं तरी चालेल! त्या पहिल्या एका पानावर मूळ एवढंच होतं.

पण शुक्रवार आला. दर शुक्रवारी गावातली घरशाळेवाली सगळी कुटुंबं चर्चच्या तळघरात जमायची. तिथे वर्नाने ती अकरा पानं पाहिली. वर्ना म्हणजे आईची मैत्रीण, आठ मुलांची आई, आणि आवाज असा की तळघरातून छपरावरचे पक्षी उडावेत.

"मार्लिस! अगं, एका रविवारी आम्हालाही घे ना तुझ्या शांततेत! आम्ही काय, घरचीच माणसं."

मार्लिसला तोंडावर नाही म्हणता येत नसे. तिने त्या तळघरात सगळ्या बायका म्हणतात तेच म्हटलं, "मी त्यासाठी प्रार्थना करते हं."

आता त्या तळघरात याचा अर्थ 'नाही' असाच होतो. लहान पोरांनाही ठाऊक आहे. पुढे कोणी विचारत नाही, कोणी वाईट वाटून घेत नाही. आजवर एकदाही यात घोटाळा झाला नव्हता.

सोमवारी वर्नाचा फोन आला. "अगं, तू प्रार्थना करत्येस म्हटल्यावर आम्ही पण केली. सगळ्या दहा जणांनी! आणि मार्लिस, उत्तर आलं. हो म्हणून!"

मार्लिस फोन ठेवून मटकन खुर्चीत बसली. "वेंडेल, आता काय सांगू तिला? देवाने तिला हो म्हटलं आणि मला नाही, असं?"

"सांग, आपल्याकडे रेंज नव्हती," बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले.

वर्नाने आनंदाच्या भरात ही बातमी घरशाळेच्या ग्रुपवर टाकली. 'मार्लिसकडे पहिल्या रविवारी सहा वाजता शांतता. आम्ही येतोय.' ते वाचून चर्चच्या पाळकबाईंना वाटलं, सर्वांनाच बोलावलंय. मग पाळकबाई जाणार म्हटल्यावर बाकीच्यांना न जाणं बरं दिसेना. गुरुवारपर्यंत नऊ कुटुंबं झाली. माणसं सत्तेचाळीस.

"सत्तेचाळीस माणसांची शांतता मावणार कुठे?" मार्लिसने कपाळ धरलं.

"अंगणात," बाबा म्हणाले. "गुडघाभर बर्फ आहे. लवकर गप्प होतील."

आणि मार्लिस शांततेच्या तयारीला लागली. खिमा-राजम्याच्या चिलीची दोन मोठी पातेली. त्याबरोबर दालचिनीचे गोड रोल, कारण त्यांच्या नेब्रास्कात रोलशिवाय चिली वाढली तर लोक वर्षभर बोलतात. टॅबिथा दोन दिवस कांदे चिरत होती आणि रडण्याला तेवढंच निमित्त झालं.

इकडे वेळापत्रकाचं चौथं पान वेगळाच गोंधळ घालत होतं. गुपचूप एक चांगलं काम करायचं आणि घरातल्या छोट्या रिकाम्या गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची, म्हणजे नाताळला बाळ येशूला मऊ अंथरूण. पाच वर्षांची प्रू आणि एझ्रा यांची त्यावरून अशी चुरस लागली, की घरात वावरणं कठीण झालं. प्रूने बाबा झोपलेले असतानाच त्यांचा पलंग आवरला. एझ्राने तीच बशी चार वेळा धुतली. शनिवारी काड्या संपल्या, तर तो शेजारच्या गोठ्यातून गवताचा अख्खा भारा डोक्यावर घेऊन आला. "पुढच्या कामांसाठी आगाऊ," म्हणाला.

रविवारी सकाळी चर्चमध्ये एझ्रा डोकं खाजवत होता. एका हाताने, मग दोन्ही हातांनी. पाळकसाहेब अगदी हळू आवाजात बोलत असताना प्रूने खणखणीत विचारलं, "आई, दादाच्या डोक्यात प्राणी आहेत का?"

वर्नाने पुढच्या बाकावरून वळून पाहिलं.

घरी येताच मार्लिसने पोराला खिडकीपाशी धरलं. केसांत पांढुरके ठिपकेच ठिपके. "उवा!" ती किंचाळली. मग तिला सत्तेचाळीस डोकी आठवली. खोटं तर तिला जन्मात बोलता येत नव्हतं. जे होतं तेच तिने ग्रुपवर लिहिलं. 'एझ्राच्या डोक्यात काहीतरी आहे. नीट बघून कळवते.'

"टॅबिथा, मायक्रोस्कोप आण."

टॅबिथाने एक ठिपका काचेवर ठेवला आणि डोळा लावला. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"काय गं? ऊ आहे ना?" आईच्या आवाजात भीती होती, पण टॅबिथाला त्यात थोडी आशाही ऐकू आली.

टॅबिथा काचेतून वर बघेना. एक 'हो' म्हटलं की झालं! कोणी फिरकणार नाही. आई बसेल. शिवाय या घरात मायक्रोस्कोपमधलं टॅबिथाशिवाय कोणाला कळतंय? जीभ अगदी 'हो'वर आली होती. पण आई खुर्चीचा काठ धरून, तिच्यावर पूर्ण विश्वास टाकून उभी होती, आणि ते काही टॅबिथाला झेपेना.

"कुसळ आहे, आई. गवताचं."

"नक्की?"

"नक्की."

मार्लिसने डोळे मिटले. "देवा," ती पुटपुटली, "एक ऊ. एकच पुरली असती रे."

मग तिने फोन घेतला आणि जड बोटांनी लिहिलं. 'उवा नाहीत, कुसळं आहेत. सर्वांनी जरूर यावं.'

मग वर्नाचा फोन.

"कुसळं ना? देवाची कृपा!"

"हो गं. या तुम्ही. चिली तयार आहे."

पलीकडे चक्क शांतता. वर्नाकडे! "मार्लिस," ती हळूच म्हणाली, "रागावू नकोस. तुझा पहिला निरोप वाचून मी आठही पोरांना फणी देऊन ओळीने बसवलंय. एकमेकांची डोकी बघतायत. आणि मी कोचावर बसल्येय. अगं, *बसल्येय*! लग्नानंतर पहिल्यांदा, रविवारी दुपारी! आता उठवू नकोस ना मला."

"नको उठूस!" मार्लिस जवळजवळ ओरडली. मग सावरून म्हणाली, "म्हणजे... फार वाईट वाटलं."

"मला पण," वर्ना म्हणाली, इतक्या आनंदाने की टॅबिथाला ते टेबलापलीकडून ऐकू आलं.

पाच वाजेपर्यंत उरलेल्या आठांनीही कळवलं. कोणी फणीचं कारण दिलं, कोणी बर्फाचं. पाळकबाईंनी तर कारणच दिलं नाही, नुसतं 'प्रभूची स्तुती असो' लिहिलं.

"म्हणजे आपल्याकडे यायची कोणालाच इच्छा नव्हती?" मार्लिस जरा दुखावली.

"एकालाही नाही!" बाबा म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही पातेल्यांकडे असं प्रेमाने बघितलं की तिला हसू फुटलं. ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली आणि हसता हसता कोचावर बसली.

सहा वाजता टॅबिथाने मेणबत्ती लावली. बाबांनी पुस्तक उघडलं. मरीया अजून नासरेथातून निघालीही नव्हती, तोच आईची मान खांद्यावर कलली आणि तिने घोरायला सुरुवात केली, चांगलं मोठ्याने.

प्रूने टॅबिथाची बाही ओढली. "ताई, आईला उठवू? तिचं सगळं चुकतंय ना."

"नाही गं," टॅबिथा म्हणाली आणि आईच्या पायांवर शाल टाकली. "आपल्या घरात तिला एकटीलाच बरोबर येतंय."

बाबांनी आवाज आणखी उतरवला आणि मरीयेला बेथलेहेमच्या वाटेला लावलं, अगदी सावकाश.