उणे दहाच्या खालची माती

परकारचाचांबरोबर फिरायला जायचं म्हणजे बदकांसारखं एका ओळीत चालायचं. इथे आखातात, वादी अदाईत आमच्या बिल्डिंगच्या मागे डोंगरापर्यंत मोकळं रान आहे. शुक्रवारी आम्ही शेजारी तिकडे जातो. चाचा सर्वांत पुढे, आणि मागच्या प्रत्येकानं पुढच्याच्या पावलावरच पाऊल टाकायचं. कुणी जरा बाजूला पाय टाकला की चाचा थांबतात. रागावत नाहीत, नुसते त्या ठशाकडे बघत राहतात. मग ज्याचा ठसा असेल त्याला आपण कुणाच्या तरी उशीवर पाय दिलाय असं वाटायला लागतं. "खाली वस्ती हाय," एवढंच ते म्हणतात. माझी मुलगी त्यांना 'सॉइल अंकल' म्हणते. एरवी तिचं मराठी अडखळतं, पण हे एक वाक्य ती अगदी त्यांच्या रत्नागिरी हेलात बोलते.

हमीद परकार साठीला टेकलेत. रुसैलच्या ज्या शीतगृहात मी माल पाठवण्याचं काम बघते, तिथेच ते मेकॅनिक आहेत. तरुणपणी ते दीड वर्ष दक्षिण ध्रुवाकडच्या एका संशोधन तळावर नोकरीला होते. बर्फात फ्रिजच्या मेकॅनिकचं काय काम, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर तयार असतं: तिथं भाजी गोठू नये म्हणून फ्रिजात ठेवतात. पण तिथून त्यांनी खरं आणलं ते मातीचं वेड. उघड्या पडलेल्या खडकाचा भुगा होत होत माती कशी बनते, तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे सुकून, गोठून वर्षानुवर्षं कसे पडून राहतात आणि ओल मिळाली की कसे वळवळायला लागतात, हे जेवणाच्या सुट्टीत आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आमच्या मल्याळी ड्रायव्हरांनाही पाठ झालंय.

गेल्या वर्षी एका संशोधक बाईंच्या प्रयोगशाळेतला फ्रीझर बिघडला. त्यांच्याकडे त्याच दक्षिण ध्रुवाकडच्या मातीच्या नमुन्यांचा एक खोका होता. तो त्यांनी आमच्याकडे ठेवायला दिला. चाचांनी तो कुणाला उचलू दिला नाही. स्वतः नेऊन तीन नंबरच्या खोलीत अगदी मागच्या भिंतीशी, थंडी सर्वांत स्थिर असते तिथे ठेवला. तापमान उणे दहाच्या वर जाऊ देऊ नये, असं त्यावर लिहिलं होतं. माती एकदा वितळली की आतले जीव जागे होतात. मग पुन्हा गोठवली तरी ती पहिल्यासारखी राहत नाही, आणि सगळं संशोधन वाया जातं.

जूनमधल्या एका दुपारी तीन नंबरचा कॉम्प्रेसर बंद पडला. बाहेर अंग भाजत होतं. दाराशेजारचा आकडा उणे वीसवरून उणे सोळावर आला. मॅनेजरनं बजावलं, दार कुणी उघडायचं नाही. खरं तर हा नियम चाचांचाच. दार उघडलं की थंडी बाहेर पडते, आणि आत छतापर्यंत कोंबडीचे खोके रचलेले होते. लागणारा सुटा भाग शहरातून यायला अजून दोन-तीन तास होते. चाचा उघड्या कॉम्प्रेसरसमोर उकिडवे बसून आकड्याकडे बघत होते.

उणे चौदा झालं तेव्हा ते उठले आणि त्यांनी जाड जाकीट चढवलं.

मॅनेजर आडवा आला. एका खोक्यासाठी सगळा माल घालवणार का, असं त्यानं विचारलं. वॉर्निंग लेटर देईन, असंही म्हणाला. "दे," चाचा म्हणाले, "पण मी आत गेलो की दार लाव." मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं, "पोरी, मी थाप मारेपर्यंत कुणाला उघडू देऊ नको."

दार मिटलं. फोर्कलिफ्ट आत नेली असती तर दार उघडं ठेवावं लागलं असतं, म्हणून वाटेतले खोके ते एकटेच हातानं बाजूला करणार होते. दार इतकं जाड की आतलं काहीच ऐकू येईना. पाच मिनिटं झाली. आठ झाली. एखादी रास अंगावर कोसळली तर, हा विचार मनात आला आणि जाईना. आकडा उणे तेरा झाला. दहाव्या मिनिटाला मी दारावर हात आपटला. आतून काही नाही. आता मॅनेजरच म्हणाला, उघड. मी कडीला हात घातला आणि तेवढ्यात थाप आली.

चाचा बाहेर आले ते भुवया पांढऱ्या झालेले, आणि खोका दोन्ही हात लांब करून अंगापासून दूर धरलेला. जड झाला असेल म्हणून मी पुढे झाले, तर त्यांनी मान हलवली. "अंगाची ऊब लागेल त्याला." माल चढवायच्या धक्क्यावर एक रिकामा फ्रीझर ट्रक थंड करून उभा होता. त्यात खोका ठेवला, दार लागलं, तेव्हा कुठे त्यांनी जाकीट उतरवलं. आणि लगेच कॉम्प्रेसरकडे गेले.

सुटा भाग आला, संध्याकाळपर्यंत मशीन चालू झालं. कोंबडीही वाचली. तरी चाचांना लेटर मिळायचं ते मिळालंच. दोन दिवसांनी बाई आल्या, खोक्यातलं तापमान नोंदवणारं यंत्र त्यांनी तपासलं, माती शाबूत होती. चाचांचे आभार कसे मानावेत ते त्यांना कळेना.

त्या गेल्यावर आम्ही दोघं धक्क्यावर चहा घेत बसलो. मी विचारलं, एवढा जीव धोक्यात घालण्यासारखं काय होतं त्यात?

चाचा म्हणाले, तळावर असताना त्यांची आई गेली. भर हिवाळा होता. अजून कितीतरी महिने ना जहाज येणार होतं ना विमान. गावचे लोक मातीला गेले आणि एकुलता एक मुलगा पृथ्वीच्या टोकाला. कबरीवर तीन मुठी माती द्यायची असते. तेवढी तरी द्यावी म्हणून ते तळामागच्या उघड्या खडकाकडे गेले. दुपारचे बारा वाजले होते आणि सूर्य नव्हता. जमीन गोठून दगड झालेली. हातमोजे काढून, स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून त्यांनी माती जमवली आणि गावाच्या दिशेला, उत्तरेकडे तोंड करून सोडली.

"मागाहून तिथल्या साहेबांनी सांगितलं, तेवढी माती व्हायला हजारो वर्षं लागतात," चाचा म्हणाले. "मी तर त्या मातीला न विचारता घेतली."

तीन मुठी निघाल्या का, मी विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला.

"दोन निघाल्या. मग बोटंच मिटेनात. तिसरी रिकामीच सोडली पोरी."