गार्डमामांचा सिनेमा

शमुवेलमामा सिनेमा सुरू करायच्या आधी शिट्टी वाजवत आणि हिरवी झेंडी दाखवत. समोर रेल्वे नसे. समोर माझा टीव्ही असे, त्याखाली व्हीसीडी प्लेअर आणि बटणावर बोट ठेवून बसलेला मी. झेंडी दिसायच्या आत बटण दाबलेलं मामांना चालत नसे. एकदा मी घाई केली, तर त्यांनी भरल्या घरात सिनेमा बंद करून पुन्हा पहिल्यापासून लावायला लावला. "डायवर लोकांची हीच खोड," असं वर म्हणाले.

मामा मालगाडीचे गार्ड म्हणून दौंडलाच रिटायर झालेले. माझं दुकान स्टेशनजवळ, टीव्ही आणि प्लेअर भाड्यानं द्यायचं. लोक बारशाला नाहीतर जागरणाला टीव्ही न्यायचे आणि पहाटेपर्यंत मारामाऱ्या बघायचे. मामांचा सिनेमा मात्र एकच, आणि सीडी त्यांची स्वतःची. परदेशातलं एक ख्रिस्ती भक्तिगीत कसं जन्माला आलं, त्याची ती घरगुती गोष्ट. मार्थामामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तो सिनेमा पाहिला आणि "ह्यो समद्यांना दाखवायला पायजे" असं म्हणाल्या. पुढं थोड्याच दिवसांत त्या गेल्या. तेव्हापासून रविवारची उपासना आटोपली की मामा मला जीपमध्ये घालून कासुर्डीपासून शिरूरपर्यंत, जिथं ख्रिस्ती घर असेल तिथं नेत.

ते गीत मराठीतही आहे, चाल तीच. दौंडच्या चर्चमध्ये मामा-मामी ते दर नाताळाला शेजारी शेजारी उभं राहून गात. मामी गेल्यावर मामांचं गाणं बंद झालं. गीत सुरू झालं की ते चष्मा पुसायला घेत आणि गीत संपेपर्यंत पुसत राहत.

सिनेमा इंग्रजीत होता, म्हणून मामा टीव्हीशेजारी उभं राहून तो मराठीत सांगत. "ह्यो पोष्टमन. ही त्याची बायको. ह्यो बर्फ. आपल्याकडं न्हाई, फुडं चला." बायको आजारी पडते, पोस्टमन घोडागाडी घेऊन डॉक्टरला आणायला जातो आणि वाट बर्फानं बुजते. तिथं मामांचा आवाज चढे. "डॉक्टर लेट झाला. कुणामुळं? घोड्यामुळं. मागं बसलेल्याची काय बी चूक न्हाई." मामांच्या मते जगातले सगळे उशीर पुढं बसणाऱ्यांमुळं होत. रांजणगावला एका कंपनीतल्या पोरानं विचारलं, "मामा, ह्याच्यात गार्ड कुठंय?"

"मागच्या डब्यात," मामा म्हणाले. "त्यो कुणाला दिसत न्हाई."

बायको त्या दुखण्यातून वाचत नाही. पोस्टमन बोलायचाच बंद होतो. मग एका रविवारी तो चर्चमध्ये उठून उभा राहतो, टोपी काढतो, तोंड उघडतो आणि नेमकं इथंच मामा लाल झेंडी दाखवत. मी बटण दाबी. पोस्टमन तोंड उघडून तसाच उभा. "तर आसं हे गीत झालं. समद्यांना सलाम," असं म्हणून मामा झेंड्या गुंडाळायला लागत.

म्हणजे गीतावरचा सिनेमा, पण गीत वगळून. शिरूरच्या पाळकसाहेबांनी त्यांना समजावून पाहिलं, की मामा, लोक एवढा वेळ बसतात ते त्या गीतासाठीच. मामा म्हणाले, "फुडं लाइन क्लिअर न्हाई." जीपमध्ये मी विषय काढला तर म्हणाले, "तू वायरी बघ." मला खरंच राग यायचा. लोकांना वाटे माझा प्लेअरच अडकतोय, आणि माझ्या दुकानाची अब्रू जायची.

मग आम्ही कवठे येमाईला गेलो. तिथं दवाखान्यातून रिटायर झालेल्या एका सिस्टरबाईंचं घर होतं. उजेड नको म्हणून ओसरीला वाकळ बांधली. सगळी आळी लोटली. सगळ्यात पुढं शेजारची ठकूआजी, धनगराची म्हातारी, पाय पसरून बसली. तिनं पोस्टमनला घरचाच माणूस करून टाकलं. "आरं जा की बिगीबिगी," असं त्याला सांगत होती. बायको गेली तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले. मग लाल झेंडी आली.

"आन् गाणं?" आजी म्हणाली.

"संपलं, आजी."

"कसं संपलं? त्यानं त्वांड उघडलंय. त्याला म्हनू द्या, न्हाईतर तुमी म्हना. मी उठायची न्हाई."

मला वाटलं, आता लाइन क्लिअर नाही असं ऐकायला मिळणार. पण मामांनी झेंडी खाली ठेवली, गळ्याचं बटण लावलं आणि गायला लागले.

ते गाणं म्हणावं असं काही नव्हतंच. मामा एकाच जाड सुरात अर्धी ओळ म्हणत, मग थांबत, मग मधलाच एखादा शब्द लांबवत आणि पुन्हा गप्प. चाल कुठं चाललीय, कुणाला कळेना. मागं दोघीतिघी हसल्या. सिस्टरबाई हसल्या नाहीत, त्यांना ते गीत येत होतं.

"आसलं हाय व्हय गाणं?" आजीनं विचारलं.

"न्हाई, लई चांगलं हाय," मामा म्हणाले. "चर्चमंदी ह्ये दोन सुरांत म्हनत्यात, वर चाल आन् तिच्याखाली दुसरा सूर. माज्याकडं त्यो खालचा तेवढा हाय. लगीन झाल्यापास्नं मी त्योच म्हनत आलो. चाल समदी तिच्याकडं हुती. ह्या शिनेमात ती चाल लागली की माजं त्वांड आपसूक उघडतंय आन् बाजूला बघावं तर ती न्हाई."

आजीनं पसरलेले पाय जवळ घेतले. "मग चाल त्या पोष्टमनला म्हनू द्या की. त्याची बी गेलीच हाय. तुमी तुमचं खालचं म्हना." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "लाव रं."

मी मामांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली.

पोस्टमन त्याच्या भाषेत गायला लागला आणि त्याच्याखाली मामा मराठीत. मगाचे ते तुटके तुकडे आता बरोबर जागच्या जागी बसत होते. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण मी बटणावरचं बोट काढून घेतलं. दुसऱ्या कडव्याला मामा एक पाऊल उजवीकडं, टीव्हीच्या थोडं पुढ्यात सरकले, शेजारी कुणाला उभं राहायला जागा करून द्यावी तसे. गीत संपेपर्यंत ती जागा मोकळीच राहिली, आणि मला टीव्ही नीट दिसेना.