बिनतुऱ्याचा कोंबडा

माझ्या हातून आजवर जेवढे म्हणून घोटाळे झाले, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात "चला, जरा आवरून टाकू" या वाक्याने झालेली आहे. बायको होती तेव्हा हे वाक्य कानावर पडलं की ती हातातलं काम टाकून धावत यायची आणि माझ्या हातातून फडकं काढून घ्यायची. तिला जाऊन आता वर्ष होईल. मला अडवणारं घरात कुणी उरलेलं नाही, आणि हे स्वातंत्र्य किती वाईट असतं ते माझं मलाच ठाऊक.

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून आहे. वंगण, तेल, हातमोजे, पुसायची फडकी, असला सगळा माल माझ्या ताब्यात. आमच्या स्टोअरचा एक नियम आहे: अर्धवट डबे फळीवर ठेवायचे नाहीत. वंगणाचे दोन अर्धे डबे दिसले की एक दुसऱ्यात ओतायचा आणि रिकामा परत पाठवायचा. फळी कशी लखलखीत दिसते! माझ्याइतकी नीटनेटकी फळी आख्ख्या कारखान्यात कुणाची नाही, असं खुद्द साहेब सगळ्यांदेखत म्हणालेत. (साहेबांचं त्या दिवशी प्रमोशन झालं होतं, ते सगळ्यांनाच काहीतरी चांगलं म्हणत होते. पण म्हणाले खरं.) हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला शिव्या घालताना तुमचा हात जरा आखडता राहील.

तर सुट्टीचा दिवस होता. सकाळीच ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. बायको गेल्यापासून ती दर सुट्टीला येते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, पदर खोचून स्वतः ओट्याशी उभी राहते आणि हळू आवाजात एकच गोष्ट विचारते.

"पोरगी रडली का रे?"

"नाही."

"एकदासुद्धा?"

"नाही गं ताई."

पोरगी म्हणजे आमची भिंगरी. आठ वर्षांची. एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यावरून तिच्या आईने पाडलेलं हे नाव. आई गेली त्या दिवसापासून ठरली. शाळेत जाते, पुढ्यात येईल ते जेवते, विचारलं तर उत्तर देते. "हो." "नाही." "झालं." घरात मी आणि एक फार शहाणी पाहुणी असे दोघं राहतोय असं वाटतं. रडली असती तर मी काहीतरी केलं असतं. काय केलं असतं ते विचारू नका, पण केलं असतं.

ताईने पिठाचा डबा शोधायला म्हणून वरचं कपाट उघडलं आणि बुटांची दोन खोकी खाली काढली. खोकी बायकोची. तिला एकच छंद होता, आकडे बघून रंगवायच्या चित्रांचा. कापडावर चित्राच्या रेघा छापलेल्या असतात, प्रत्येक तुकड्यात एक बारीक आकडा, आणि सोबत अंगठ्याएवढ्या रंगाच्या डब्या, त्यांच्यावरही आकडे. सातच्या तुकड्यात सातचा रंग भरायचा की झालं. मायलेकी तासन्तास खिडकीपाशी बसायच्या. मला पाच मिनिटांच्या वर बसू द्यायच्या नाहीत. (माझ्या कोपराला रंग फार लवकर सापडतो.) चित्र संपलं तरी रंग उरायचाच, आणि उरलेला रंग बायको टाकायची नाही.

ताई झाकणं उघडून बघत म्हणाली, "अरे, हे किती दिवस ठेवणार आहेस? एक तर टाक, नाहीतर वापर. चार पोरं बोलव, कागद-बिगद दे त्यांना. हिचंही मन रमेल."

मला ते पटलं. नुकताच कुठल्यातरी पुरवणीत मी 'उरलेल्या रंगसाहित्याचे उपयोग' असा लेख वाचला होता. दगड रंगवा, रिकाम्या डब्यांत मोहरी पेरा, झिजलेल्या ब्रशने कंगवे साफ करा, जुन्या चौकटीत फोटो लावा. मी लगेच वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या वहिनींना सांगून आलो, "दुपारी दोन्ही पोरांना पाठवा, काका शिबीर घेतायत." मग भिंगरीला म्हटलं, "आज आपण रंगवायचं. येशील ना?" ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, "बघू."

'बघू' म्हणजे 'नाही' नव्हे. वर्षभरात तिच्याकडून मिळालेलं हे सगळ्यात आशेचं उत्तर होतं. मला स्फुरण चढलं.

खोकी घेऊन मी गॅलरीत बसलो आणि म्हणालो, चला, जरा आवरून टाकू.

प्रत्येक डबीत रंग तळाशी. कुठे नखभर, कुठे बोटभर. काही घट्ट होऊन चामट झालेले. एवढ्याशा रंगासाठी एवढ्या डब्या! माझा स्टोअरचा हात शिवशिवायला लागला. मी एक मोठी काचेची बरणी घेतली आणि एकेक डबी तिच्यात ओतली. चामट झालेल्या डब्यांत पाणी घालून, काडीने खरवडून, थेंबन्थेंब काढला. मग डब्या घासून, पुसून कठड्यावर ओळीने उन्हात मांडल्या. इतकं सुरेख दिसत होतं की साहेबांना फोन करून बोलवावं असं वाटलं. बरणीकडे मात्र मी नीट बघितलं नाही. स्टोअरमध्ये वंगणात वंगण ओतलं की वंगणच होतं, त्यामुळे ओतल्यावर बघायची सवयच नाही.

दुपारी वरची दोघं आली. मोठा भिंगरीच्या वर्गातला, धाकटी त्याहून दोन वर्षांनी लहान आणि चौपट तिखट.

"काका, रंग?"

"हा काय!" मी बरणी ठेवली.

दोघांनी आत डोकावून पाहिलं. धाकटीने नाक धरलं.

"काका, हा चिखल आहे."

"चिखल नाही, मिश्रण आहे. ढवळ की."

तिने ढवळलं. चिखलच होता. तपकिरी म्हणावं तर तपकिरी नाही, काळा म्हणावं तर काळा नाही.

"फुलं कुठल्या रंगाने करायची?"

"ह्याच."

"आणि पानं?"

"ह्याच."

"आणि आकाश?"

"आकाश... भरून आलंय असं समज."

मोठा समजूतदार. तो गुपचूप दगड रंगवायला बसला. बराच वेळ मान खाली घालून त्याने दगड सगळ्या बाजूंनी रंगवला, वाळवला आणि माझ्यापुढे धरला. तो हुबेहूब दगडासारखा दिसत होता.

तेवढ्यात भिंगरी गॅलरीत आली. आपण होऊन आली! मी ताईला खूण करणार, तोच ती कठड्यापाशी थांबली. ओळीने मांडलेल्या रिकाम्या डब्या बघत राहिली. मग एकेक डबी उचलून तळाचा आकडा वाचायला लागली.

"बाबा, बावीस नंबर कुठाय?"

"ही काय, बावीस नंबरची डबी. बघ कशी लख्ख घासलीय!"

"आतला रंग?"

मी बरणीकडे बोट दाखवलं. ती आत गेली, स्वतःच्या गादीखालून गुंडाळी केलेलं कापड घेऊन आली आणि जमिनीवर उलगडलं. कोंबड्याचं चित्र होतं. शेपटीचं एकेक पीस रंगवलेलं, पाय, चोच, मागचं कुंपण, सगळं पुरं. फक्त डोक्यावर पांढऱ्या कापडाचा तुकडा तसाच, आणि त्यावर बारीक आकडा, बावीस.

"ही कोंबडी आहे?" धाकटीने विचारलं.

"कोंबडा आहे."

"मग तुरा कुठाय?"

"राहिलाय," भिंगरी म्हणाली. "आई म्हणाली होती, तुरा शेवटी. तुरा म्हणजे मज्जा. मी दवाखान्यातून आले की आपण दोघी करू."

मला वाटत होतं सगळी चित्रं पुरी झालीत आणि हा नुसता उरलेला माल आहे. एक चित्र अजून चालू आहे, आणि ते माझ्या घरात, पलीकडच्या गादीखाली चालू आहे, याचा मला पत्ताच नव्हता.

मी बरणी उचलली आणि पायात येतील त्या चपला घालून (एक माझी, एक ताईची) कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात गेलो.

"यातला लाल तेवढा वेगळा काढून मिळेल का?"

दुकानदाराने बरणी उजेडात धरली. "साहेब, चहातून दूध काढून देऊ का?"

"बघा ना, काही गाळणी, काही औषध..."

"अहो, हे काय मोहरीत मिसळलेले तीळ आहेत का? नवा लाल घेऊन जा की. हवे तेवढे लाल आहेत."

"नवा चालणार नाही. हा माझ्या बायकोचा आहे."

"मग त्यांनाच विचारा ना कुठला ते."

भर दुपारी, गिऱ्हाइकं उभी असताना, एक जाडजूड माणूस चिखलाची बरणी पोटाशी धरून रडतोय, हे दृश्य काही बरं दिसत नव्हतं. दुकानदाराने घाईने स्टूल पुढे केलं. मग मुकाट्याने दुकानातल्या सगळ्या लालांची एकेक ट्यूब पिशवीत घालून दिली. "मुलीला दाखवा," एवढंच म्हणाला.

भिंगरीने एकेक ट्यूब उघडून कागदावर टिपका काढला. हा नाही. हाही नाही. हा जास्त गुलाबी आहे. हा विटेसारखा आहे. मी म्हणालो, "हा बघ, अगदी तसाच आहे." ती म्हणाली, "तुला काय माहीत?" आणि ते खरंच होतं. शेवटच्या टिपक्याकडे ती बराच वेळ बघत बसली. "हा पण नाही," म्हणाली, आणि तिने भोकाड पसरलं.

वर्षभराचं रडणं होतं ते. ताई हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली. वरची दोघं भिंतीला चिकटून उभी राहिली. ती एकदा तरी रडावी म्हणून मी वर्षभर देवाला हात जोडत होतो, आणि आता ती रडायला लागली तर मला एका क्षणात ते थांबायला हवं होतं. ऐकवेना. मी तिला जवळ घेतलं. "चुकलं गं बाळा, मला कळलंच नाही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. मग मीही सूर लावला. ताईने आधीच लावला होता.

केव्हातरी हुंदके कमी झाले. तिने माझ्या सदऱ्याला नाक पुसलं.

"बाबा, बरणीत बावीस आहे?"

"आहे."

"सगळा?"

"सगळा. एक थेंब बाहेर सांडला नाही." (एवढ्या एका बाबतीत माझा हात धरणारा कुणी नाही.)

"आणि आईचे बाकीचे पण?"

"सगळे."

ती थोडा वेळ विचार करत बसली. मग सगळ्यात बारीक ब्रश घेतला, बरणीत बुडवला, कडेला निथळवला आणि पालथी पडून तुरा रंगवायला लागली. जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. तिची आई अगदी अशीच काढायची. मला तिकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. तिने घाई केली नाही. एकही रेघ ओलांडली नाही. कोंबड्याच्या डोक्यावर तो मातकट तुरा हळूहळू पुरा झाला.

धाकटी वाकून बघत म्हणाली, "हा गटारात पडला होता?"

मी डोळे वटारले. पण भिंगरी फिस्सकन हसली. नाक अजून वाहतच होतं.

"नाही गं. रंग बाबाने केलाय. त्याला येत नाही."

चित्र आता समोरच्या भिंतीवर आहे. आल्यागेल्याला आम्ही तो कोंबडाच आहे असं सांगतो. बरणी भिंगरीच्या कपाटात असते, कुलपात. परवा संध्याकाळी कामावरून आलो आणि का कोण जाणे, ती बरणी हातात घ्यावीशी वाटली. मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"भिंगरे, बरणी देतेस जरा?"

"कशाला?"

"काही नाही गं. नुसती बघायचीय. आईची आठवण आली."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिलाही वाईट वाटलं असावं, कारण ती लगेच उठली. कुलूप काढलं, बरणी बाहेर घेतली आणि दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून उभी राहिली.

"बघ," ती म्हणाली. "पण तिथूनच."