वाल्टरभाऊचा जामीन

माणसं आपल्या बाजूनं भांडतात. वाल्टरभाऊ जन्मभर स्वतःच्या विरुद्ध भांडला.

विहिरीवरचं इंजिन बंद पडलं म्हणून तुम्ही त्याला बोलावलं, की तो पहिलं हेच सांगणार, ‘नाना, मला हात लावू देऊ नको. मागच्या वेळी मीच बिघडवलं असेल.’ मग आपण समजूत काढायची, चहा पाजायचा, तेव्हा कुठं तो पाना उचलणार. धुराचा वास घ्यायचा, इंजिनाला कान लावायचा आणि म्हणायचा, ‘याचं पोट बिघडेल शे.’ म्हणजे बिघडलंय. थोड्या वेळानं इंजिन फकफक करत पाणी ओढायला लागायचं.

होता विलायतेचा. इंजिनं विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीनं इकडे धाडलेला. इंग्रज गेले, कंपनीनं गाशा गुंडाळला, हा मात्र एरंडोलात धुळे रस्त्याला पत्र्याची शेड टाकून राहिला. का राहिलास, असं विचारलं तर म्हणे, ‘बठ्ठी माझी चूक.’ बठ्ठी म्हणजे सगळी. आमची अहिराणी तो आमच्या सालदारापेक्षा जोरात बोलायचा. फक्त शिव्या भलत्याच माणसाला द्यायचा, स्वतःला.

त्याला इन्कमटॅक्स लागायचा. मी शेतकरी, मला नाही. त्या हापिसाची पायरी मी कधी चढलो नसतो, पण वाल्टरभाऊ एकदा मला सोबत म्हणून धुळ्याला घेऊन गेला. व्हरांड्यात व्यापारी तोंडं पाडून बसलेले. जो तो धंदा बसल्याचं सांगतोय. आणि हा आत जाऊन साहेबाला म्हणतो, ‘माझा कर कमी लावला. कोंबड्या धरल्या नाहीत.’

‘कसल्या कोंबड्या?’

‘शेतकरी देतात. इंजिन दुरुस्त केलं म्हणून.’

‘अहो, ती भेट झाली.’

‘भेट कशी? इंजिन चालू नाही झालं तर देतात का? विचारा या नानाला.’

मी म्हटलं, ‘कोंबडी कुठली, वांगंसुद्धा देत नाही.’

साहेब तरुण होता. त्यानं डोक्याला हात लावला. बाहेर आल्यावर व्यापाऱ्यांनी वाल्टरभाऊला घेरलं. ‘बाबा रे, जरा हळू बोल. उद्या आमच्या पण कोंबड्या मोजतील.’

एका उन्हाळ्यात त्याला विलायतेला जायचं निघालं. थोरली बहीण तिकडे घसरून पडली होती, अंथरुणाला खिळली होती, घरात दुसरं कुणी नाही. पण परदेशी माणसाला देशाबाहेर जायचं तर कर बाकी नसल्याचा दाखला लागायचा, आणि त्याचा त्या सालचा हिशेब व्हायला अजून अवकाश होता. साहेब म्हणाला, ‘इथला एक जामीन आणा. तुम्ही परत आला नाहीत तर तुमचा कर तो भरेल. मग लगेच दाखला देतो.’

एरंडोलात त्याला जामिनाची काय कमी? सरकीवाला शेठ तयार झाला. तर हा त्यालाच म्हणतो, ‘शेठ, तू इतका भोळा कसा? मी पळालो तर?’ शेठ घाबरला. डॉक्टर तयार झाले. त्यांना म्हणाला, ‘तुम्हाला लग्नाच्या मुली आहेत. विचार करा.’ त्यांनी केला. असे चारपाच जामीन त्यानं स्वतःच पळवून लावले. आणि बहीण तिकडे वाट बघतेय.

माझं डोकं फिरलं. शेडवर गेलो. ‘ऊठ, धुळ्याला चल. मी जामीन राहतो.’

‘नाना, तू खुळा शे का?’

‘शे. ऊठ.’

साहेबानं मला विचारलं, ‘हे परत आले नाहीत तर?’

वाल्टरभाऊ एकदम खूश. ‘हां! हेच विचारा याला. तिकडे माझं घर आहे, थंड हवा आहे. मी म्हातारा होतोय. मी कशाला येईन?’

‘येईल,’ मी म्हटलं.

‘कशावरून?’ साहेब म्हणाला.

‘कशावरून म्हणजे? मी सांगतोय ना.’

‘जमीन किती तुमची?’

‘कोंबड्यांसकट भागेल इतकी.’

मी दुसरीत शाळा सोडलेली, सही करायला मला वेळ लागतो. तेवढ्या वेळात वाल्टरभाऊनं दोनदा माझा हात धरला. मी दोनदा झटकला.

परतीच्या मोटारीत तो दाखला खिशात घालून बसला होता. पारोळा मागे पडल्यावर हळूच म्हणाला, ‘नाना, मी उगाच बोलत नव्हतो. ती एकटी शे. तिला तशी टाकून यायला माझा पाय निघाला नाही, तर तू बुडशील. शेठही असाच बुडला असता, म्हणून त्याला घाबरवलं.’

‘मग घेऊन ये तिला.’

‘इथं?’

‘का? एरंडोलात माणसं राहत नाहीत? शेडला लागून एक खोली काढू. माझी बायको आहे, सुना आहेत, तिच्यापाशी बसतील. आणि तू तरी आणखी किती वर्षं त्या इंजिनांशीच बोलणार?’

आता हा वाद घालणार म्हणून मी सरसावून बसलो. त्यानं घातला नाही. खिडकीबाहेर बघत त्यानं विचारलं, ‘नाना, तुमच्यात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात ना?’

‘अक्काच म्हणतात. सगळं गाव म्हणेल.’

‘तिचं नाव मार्गारेट.’

मग मोटारीच्या खडखडाटात, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, तो म्हणून बघायला लागला, ‘मार्गारेट अक्का... मार्गारेट अक्का...’