तेलातल्या दोन रेघा

हेरंब आगाशेच्या हातून आजवर एकही गोष्ट अर्धा मिलिमीटर चुकलेली नाही, असं तो स्वतःच सांगतो. चंदीगडला सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत तो मोजमापाची उपकरणं बनवतो. अशा माणसाने आठ महिने खपून एका जुन्या पांढऱ्या व्हॅनचं फिरतं घर केलं, तर ते कसं असणार? आत कमरेएवढा उंच पलंग, त्याखाली सामानाचे कप्पे, स्टीलचं बेसिन, हिरवे पडदे, दाराशी घडीची पायरी. हिमालयात पार स्पितीपर्यंत जाऊन आली तरी चमचा वाजणार नाही, असं त्याने शेजाऱ्यांना तीनतीनदा ऐकवलं होतं.

प्रश्न फक्त मंजुषाचा होता. त्याची बायको मंजुषा मोठ्या इस्पितळात डॉक्टर, आणि सुट्टीतही पेशंट तिची पाठ सोडत नसत. कसौलीला हॉटेलच्या मॅनेजरने सासूचा गुडघा दाखवायला आणला होता. मनालीच्या टॅक्सीवाल्याने तर वळणावर गाडी चालवता चालवता मागे वळून जीभ दाखवली होती. त्यामुळे तिने अट घातली.

"चाचणीचा एक अख्खा दिवस मला पेशंट दिसला नाही, तर स्पिती. एक जरी दिसला, तरी गाडी विकायची."

हेरंबने हसत हसत कबूल केलं. मुल्लानपूरच्या बाहेर, गव्हाच्या शेताकडेला, जिथे त्यांना कुत्रंही ओळखत नाही, तिथे पेशंट येणार कुठून?

रविवारी सकाळी निघण्याआधी गाडीची पूजा झाली. पूजेशिवाय चाक हलवायचं नाही, हे हेरंबच्या सांगलीच्या घरचं वळण. पुढच्या काचेखाली हातभर स्वस्तिक काढायचं होतं. पाण्यातलं कुंकू टिकत नाही, म्हणून त्याने ते तेलात कालवलं आणि पोलादी पट्टी लावून मधल्या दोन रेघा आखल्या. तेवढ्यात वाटीतलं संपलं, आणि तेलाची बाटली तर सामानात खाली गेलेली. मग टोकाच्या चार आडव्या-उभ्या रेघा त्याने पाण्यातल्या कुंकवाने उरकल्या. नारळ फोडून पाणी गाडीवर शिंपडलं, चाकाखालचं लिंबू चिरडलं आणि मंडळी निघाली. नारळाच्या पाण्याने काय केलं, ते बघायला कोणी गाडीपुढे गेलंच नाही.

मुल्लानपूरला हेरंबने गाडीचं नाक रस्त्याकडे करून ती लावली. मंजुषा मागच्या झाडाखाली खुर्ची टाकून, शेताकडे तोंड करून कादंबरी वाचत बसली. त्यांची बारा वर्षांची लेक अवनी फोटो काढत हिंडू लागली. दहा मिनिटांत पगडीवाले एक बाबाजी आले. त्यांनी गाडीकडे निरखून पाहिलं आणि आत येऊ का, असं अदबीने विचारलं.

हेरंबची छाती फुगली. आठ महिन्यांत गाडी आतून बघायची इच्छा दाखवणारा हा पहिला माणूस!

"आइए जी, आइए. सबके लिए है. लेट के देखिए, पक्का आराम मिलेगा."

बाबाजींनी जोडे काढले, पलंगावर आडवे झाले आणि पायजमा गुडघ्यावर ओढून डोळे मिटले. माणूस किती मोकळा आहे, म्हणून हेरंबला गहिवरून आलं. मग दोन बायका आल्या, मग अंगठ्याला चिंधी बांधलेला बांधकामावरचा मिस्त्री, मग बसथांब्यावरची सगळी मंडळी. पंजाबी माणसाला कारागिरीची कदर आहे, हे हेरंब ऐकून होता, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं. जागा लहान, म्हणून त्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्यांवर नंबर लिहून वाटले. सतरा नंबर गेले.

तेवढ्यात अवनी रस्त्याच्या बाजूने आली.

"पापा, अपनी गाड़ी हॉस्पिटल वाली क्यों लग रही है?"

हेरंब पुढे जाऊन बघतो, तर टोकाच्या चारही रेघा धुऊन गेलेल्या. पांढऱ्या गाडीवर उरलं होतं लालभडक, पट्टीने आखलेलं, अधिकाचं चिन्ह. तेलातल्या दोन रेघा केसभरही हललेल्या नव्हत्या.

मागे मंजुषाला ऐकू जाऊ नये म्हणून तो रांगेतल्या प्रत्येकाच्या कानाशी जाऊन सांगू लागला, की इथे कोणी डॉक्टर नाही, हे फक्त आमचं घर आहे. पण अवनीला खोटं सहन होत नाही.

"मम्मा डॉक्टर हैं ना," ती खणखणीत आवाजात म्हणाली. रांग झाडाकडे वळली.

मंजुषाने कादंबरी मिटली. ती पुढे आली, तिने ते चिन्ह पाहिलं, पलंगावरचा गुडघा पाहिला, लोकांच्या हातातल्या चिठ्ठ्या पाहिल्या.

"नंबरसुद्धा दिलेस?" एवढंच ती म्हणाली. मग बेसिनवर हात धुतले आणि एक नंबरला पायजमा आणखी थोडा वर घ्यायला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत तिने सतराही जण तपासले. कोणाला पथ्य सांगितलं, कोणाला इस्पितळात कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगितलं, मिस्त्रीच्या अंगठ्याला नीट पट्टी बांधली. गावातून लस्सी आली, ती अवनीने संपवली. हेरंब कोपऱ्यात उभा राहून नंबर पुकारत होता, आणि त्याला खरोखर वाईट वाटत होतं. स्पिती तर गेलंच, पण तिचा एकुलता एक रिकामा दिवसही त्यानेच रांग लावून घालवला होता.



"एक सांगू?" परतताना गाडीत मंजुषा म्हणाली. "इतके तास उभी होते, पण पाठ दुखली नाही. पलंगाची उंची अगदी बरोबर आहे."

आठ महिन्यांत तिने केलेलं हे गाडीचं पहिलं कौतुक. हेरंबने मान डोलावली. अट अटच होती.

पंधरा दिवसांनी मुल्लानपूरच्या गुरुद्वाऱ्याने फिरत्या दवाखान्यासाठी गाडी घेतली. ताबा घ्यायला ते एक नंबरचे बाबाजी स्वतः आले, चांगले ताठ चालत. पलंग, बेसिन, पडदे, त्यांना सगळं पसंत होतं. फक्त पुढची ती लाल खूण पावसाने जरा फिकी झाली होती, तेवढी पक्की करून द्या, म्हणाले.

हेरंब आतून पोलादी पट्टी घेऊन आला. या वेळी तेलाची बाटली त्याने आधीच जवळ घेऊन ठेवली.