मूत्रपिंड संबंधित विभागाकडे

त्या रुग्णालयात माणसाच्या शरीराची वाटणी फार विचारपूर्वक झालेली होती. साथ आल्यावर व्यवस्थापनानं परिपत्रक काढून फुफ्फुसं डावीकडच्या इमारतीला दिली आणि मूत्रपिंडं पूर्वीप्रमाणे उजवीकडच्या इमारतीकडे कायम ठेवली. मधे अंगण होतं, अंगणात हिरवळ, एक बाक आणि हिरवळीवर चालू नये अशी पाटी. डावीकडे कोरोनाचे रुग्ण, उजवीकडे बाकीचं जग. एकाच माणसाला एकाच वेळी दोन्ही इमारती लागल्या तर काय, हे परिपत्रकात नव्हतं, आणि जे परिपत्रकात नाही ते घडत नसतं हे कुठल्याही समंजस माणसाला ठाऊक असतं.

डावीकडच्या इमारतीत, खिडकीजवळच्या खाटेवर संबंधितसाहेब होते. हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या सरकारी कचेरीत त्यांनी उभी हयात घालवली होती आणि तेवढ्या काळात एकाही अर्जाला नाही म्हटलं नव्हतं. आलेल्या प्रत्येक कागदावर ते वळणदार अक्षरात ‘संबंधित विभागाकडे’ असं लिहीत आणि चहा मागवत. हाताखालच्या मंडळींनी ठेवलेलं हे नाव निवृत्तीनंतर त्यांच्यामागोमाग घरापर्यंत आलं. बायकोनंही त्याला कधी हरकत घेतली नाही.

साहेबांचा ताप उतरला होता, खोकला मंदावला होता, नाकातली ऑक्सिजनची नळी निघायच्या बेतात होती. भानगड एकच होती. लघवी कमी होत होत जवळजवळ बंद पडली होती आणि पायांवर अशी सूज होती की बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहावा. साहेब मनातून चांगलेच घाबरले होते. पण ही भीती नेमकी कुणाकडे पाठवायची, ते त्यांना उमगत नव्हतं.

सकाळी डॉक्टर आले. त्या पांढऱ्या पोशाखात आत कोण आहे ते ओळखू येत नसे, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर त्याचा विभाग लिहिलेला असे. यांच्या पाठीवर ‘फुफ्फुस’ असं होतं.

“काका, ऑक्सिजन शहाण्णव,” डॉक्टर म्हणाले. “झकास.”

“डॉक्टर, मला लघवी होत नाहीये.”

“काल पंच्याण्णव होता बरं का.”

“आणि पाय सुजलेत.”

“पाय आमच्याकडे नाहीत, काका,” डॉक्टर खरोखर हळहळून म्हणाले. “पण ह्या आजारात किडनीला मार बसतो कधीकधी. तुमच्या रक्तातही तसंच दिसतंय. मी चिठ्ठी पाठवतो समोर.”

“म्हणजे संबंधित विभागाकडे?”

“अगदी बरोबर बोललात.”

खोटं कशाला सांगा, साहेबांना क्षणभर बरंच वाटलं. परमुलखात आपली भाषा बोलणारं कुणी भेटावं, तसं झालं.

समोरून उत्तर यायला फार वेळ लागला नाही. रुग्ण कोरोनाबाधित असल्यानं तो या विभागात येऊ शकत नाही. या विभागाचे डॉक्टर त्या विभागात आल्यास त्यांना विलगीकरणात जावं लागेल व या विभागात कोणीच उरणार नाही. सबब, रुग्ण निगेटिव्ह होईपर्यंत सदर मूत्रपिंडांनी वाट पाहावी. साहेबांनी ते उत्तर दोनदा वाचून घेतलं. ‘सबब’ कुठे वापरावं हे हल्ली कुणाला कळत नाही, ह्यांना कळलं होतं.

त्यांची बायको दिवसभर अंगणातल्या बाकावर असे. तिला घरीच ताप येऊन गेला होता, आणि आता आत सोडत नाहीत म्हणून ती खालून फोनवर नवऱ्याचा चेहरा बघायची. रोज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारणा होई, “ऑक्सिजन?” ती आकडा टाकी. लगेच अंगठ्यांची रांग लागे, साडूंचा अंगठा सगळ्यात आधी. त्या दिवशी मात्र तिनं आकड्याऐवजी लिहिलं, ‘ह्यांना लघवी होत नाही.’

ग्रुपवर एकही अंगठा आला नाही. एवढ्या खानदानी ग्रुपवर असला शब्द आजवर कुणी आणला नव्हता. बऱ्याच वेळानं साडूंनी गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘शुभ सकाळ. ऑक्सिजन?’

दुपारी समोरच्या इमारतीतले मूत्रपिंडाचे डॉक्टर कॉफीचा कप घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. तिनं संधी सोडली नाही.

“डॉक्टर, माझ्या नवऱ्याच्या किडन्या बंद पडताहेत.”

“कुठे असतात ते?”

“समोर. दुसऱ्या मजल्यावर.”

“अरेरे. मग त्या कोरोनाच्या किडन्या झाल्या.”

“अहो, ह्यांच्याच आहेत. लग्न ठरवताना बघून घेतल्या नव्हत्या, पण ह्यांच्याच असणार.”

“तसं नव्हे, ताई. इजा कोरोनानं केली. ज्यानं मोडलं त्यानं निस्तरावं, हा आमचा तत्त्वाचा मुद्दा आहे. निगेटिव्ह होऊ द्या, मग बघू.”

“आणि तोवर?”

“तोवर त्यांना पाणी जपून प्यायला सांगा,” डॉक्टर म्हणाले, आणि उरलेली कॉफी संपवून उठले.

असं भिजत घोंगडं पडलेलं असतानाच साहेब निगेटिव्ह झाले. डावीकडच्या इमारतीत आनंदीआनंद झाला. दारात दोन्ही बाजूंना कर्मचारी उभे राहिले, साहेबांना चाकांच्या खुर्चीत बसवून हातात पुष्पगुच्छ दिला गेला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सुजलेल्या पायांत चपला जाईनात, म्हणून त्या बायकोच्या पिशवीत होत्या. फोटोत पाय येऊ नयेत याची छायाचित्रकारानं काळजी घेतली. दारावरच्या फलकावर ‘बरे झालेले’ या शब्दांपुढचा आकडा सर्वांसमक्ष एकानं वाढला.

बायकोनं खुर्ची तशीच ढकलत समोरच्या दाराशी नेली. खिडकीतल्या बाईनं पुष्पगुच्छाकडे पाहिलं.

“हे तर बरे झालेत.”

“कोरोनातून झालेत. किडन्या बंद आहेत.”

“वहिनी, फलकावर चढलेत ते. बरा झालेला माणूस त्याच दिवशी आजारी म्हणून घेतला तर फलक खोटा पडेल.”

“मग पडू दे खोटा.”

“फलकाचं उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते झालंय,” बाई समजुतीच्या सुरात म्हणाली. “तुम्ही उद्या या ना.”

खुर्ची पुन्हा डावीकडे आली. तिथल्या पहारेकऱ्यानं हात आडवा केला. निगेटिव्ह माणसाला आत घेतलं तर त्याला संसर्ग होईल, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय, असं तो म्हणाला, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शेवटी साहेब अंगणात आले. धड ना इकडे, धड ना तिकडे. बायको बाकावर टेकते न टेकते तोच उद्यान विभागाचा माणूस आला.

“बाक रुग्णांसाठी नाही. भेटायला येणाऱ्यांसाठी आहे.”

“मी भेटायलाच आलेय.”

“कुणाला?”

“ह्यांना.”

“आणि हे?”

“हेही ह्यांनाच भेटायला आलेत.”

माणसाचं समाधान झालं आणि तो गेला.

साहेबांना आता दम लागत होता. तरी त्यांच्या चेहऱ्यावर जाणकाराचं कौतुक होतं.

“अगं, बघितलंस? किती स्वच्छ काम आहे. एकसुद्धा माणूस नाही म्हणाला नाही.”

“तुम्हीही कधी कुणाला नाही म्हणाला नाहीत,” बायको म्हणाली. “ती माणसं पुढे कुठे जाऊन बसायची हो?”

साहेबांनी उत्तर शोधून पाहिलं. हा प्रश्न कुठल्याच विभागाचा नव्हता, तो त्यांचाच होता. पण आता बोलायला श्वासही पुरत नव्हता. त्यांचे ओठ काळपट पडायला लागले. आयुष्यभर ह्या माणसाला टोमणे मारले, आणि तो नसला तर टोमणे मारायचे कुणाला, हे तिला त्या बाकावर पहिल्यांदा सुचलं.

तिनं पिशवीतून ऑक्सिजन मोजायचा चिमटा काढला आणि त्यांच्या बोटाला लावला. आकडा नव्वदवर आला, मग शहाऐंशी, मग ब्याऐंशी. ती उठली, पाटी ओलांडून हिरवळीच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही इमारतींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ब्याऐंशी.”

माणूस मरतोय असं ओरडली असती तर कदाचित उद्या या म्हणाले असते. पण हा आकडा होता. दोन्हीकडच्या खिडक्या धडाधड उघडल्या. डावीकडून ‘फुफ्फुस’ लिहिलेली पाठ धावत आली, मागून आणखी पाठी आल्या, आणि सगळे हिरवळ तुडवत साहेबांना आत घेऊन गेले. फुफ्फुसांत पाणी भरलं होतं. बाहेर टाकायचं काम ज्यांचं होतं ती मूत्रपिंडं वाट पाहत बसली होती ना. मोरी तुंबली की घरात कुणी हलत नाही. पाणी दिवाणखान्यात आलं की मग सगळ्यांची धावपळ उडते.

उजवीकडचं जे रक्त गाळायचं डायलिसिसचं यंत्र इतके दिवस अंगण ओलांडू शकत नव्हतं, ते बघता बघता आलं. मूत्रपिंडाचे डॉक्टरही आले. त्यांनी वरून ‘फुफ्फुस’ लिहिलेला पोशाख चढवला होता, त्यामुळे तत्त्वालाही धक्का लागला नाही. फलकावरचे बरे झालेले साहेब बरे झालेलेच राहिले आणि खाटेवरच्या साहेबांची नोंद नवीन रुग्ण म्हणून झाली. पुढे यथावकाश तेही घरी निघाले, पुन्हा पुष्पगुच्छ, पुन्हा टाळ्या. एकाच माणसातून दोन माणसं बरी करून दाखवणारं ते पहिलंच रुग्णालय असावं.

साहेब घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी साडू मोसंबी घेऊन आले. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, “ऑक्सिजन?”

“अठ्ठ्याण्णव,” बायको म्हणाली.

“वा. म्हणजे सगळं ठीक,” साडू म्हणाले, आणि आणलेल्यातलंच एक मोसंबं सोलायला घेतलं. साहेबांनी हात पुढे केला तेव्हा बायकोनं ताटली मागे ओढली. साडूंना वाटलं, पथ्य असेल काहीतरी. त्यांनी खोलात जाऊन चौकशी केली नाही. उगाच पुन्हा तो शब्द निघायचा.

एवढं वाचून आपणही सुटकेचा निःश्वास टाकला असेल. अठ्ठ्याण्णव, म्हणजे सगळं ठीक. तेव्हा केवळ माहितीसाठी सादर: साहेबांची मूत्रपिंडं परत आलीच नाहीत. ते दिवसाआड उजवीकडच्या इमारतीत जाऊन त्या यंत्राला जोडून घेतात, आणि आता हे जन्मभराचं आहे. हे आधीच सांगितलं असतं, पण आपल्यापैकीही कुणी विचारलं नाही.